नाकाला हात लावायचा न्हाई

"नाकाला हात लावायचा न्हाई. सांगून ठेवते."

"अगं ताई, हात कोण लावून राहिलंय? कॉम्प्युटरवर होतंय ते. माउसनं."

"माउसनं बी न्हाई."

"जरासं टोकदार करायचं. जरासं. बघणाराला कळणार बी न्हाई."

"कळणारच न्हाई तर मग करतो कामून?"

आनंदराजनं कपाळावर हात मारून घेतला. भांडणाचं मूळ दोघांच्या मधे, बाजेवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडलं होतं. वहीच्या पानाहून थोडी मोठी, धुरानं तपकिरी झालेली बुद्धाची तसबीर. काच तडकलेली, चौकटीचा एक कोपरा उघडा. बिलोलीतल्या ह्या घराला रंग देताना रंगाऱ्याची शिडी घसरली आणि जाता जाता तसबिरीलाही घेऊन खाली आली. साठेक वर्षं भिंतीवर होती तोवर तिच्याकडे मान वर करून कुणी बघितलं नव्हतं. खाली पडली आणि अख्ख्या वस्तीला दिसली.

परवा वस्तीतल्या नव्या विहाराचं उद्घाटन व्हायचं होतं. आनंदराजचा आजा भीमा, त्याच्या घरातला हा बुद्ध वस्तीत आलेला पहिला बुद्ध, म्हणून त्याचा मोठा फ्लेक्स मंडपात लावायचा आणि मूळ तसबीर लॅमिनेशन करून विहारात ठेवायची, असं कमिटीनं ठरवलं. कमिटीचा सचिव आनंदराज. तहसीलमधे कारकून असल्यामुळे जिथं लिहायचं काम तिथं त्याचंच नाव. त्यानं मोबाईलवर फोटो काढून नांदेडच्या एका स्टुडिओवाल्याला पाठवला. स्टुडिओवाल्याचा लगेच फोन. साहेब, नाक लई बसकं आहे, ओठ जाड आहेत, खांद्यावर घडीची पांढरी रेघ पडलीय. सगळं स्वच्छ करून देतो, अगदी लेण्यातल्यासारखा चेहरा येईल.

आनंदराज हो म्हणाला. त्याची माय सरजाबाई तिथंच बसून शेंगा फोडत होती. तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि लातूरला मुलीला फोन लावला.

"धम्मप्रिया, तुझा भाऊ बुद्धाचं नाक बदलून राहिलाय. येतीस का?"

पहिल्या गाडीनं उदगीर, देगलूर करत धम्मप्रिया आली. दारात चप्पल काढायच्या आधी भांडण सुरू झालं होतं, आणि आता दुसऱ्या चहापर्यंत आलं होतं.

"लॅमिनेशन केलं की शंभर वर्षं काम न्हाई," आनंदराज म्हणाला. "पाणी न्हाई, वाळवी न्हाई, काही न्हाई."

"मायचा लग्नातला फोटो कुणी लॅमिनेट केला व्हता?"

त्यानं आतल्या खोलीकडं पाहिलं.

"जा, बघून ये. मायच्या गालावर बुडबुडा आलाय. बाबा तर निम्मे पिवळे झालेत. काढून दाखव आता ते प्लास्टिक. गरम डिंकानं बसतंय ते, मरेपर्यंत सुटत न्हाई. कागदाचं कातडं सोलून निघतं."

"मला तर आवडतो तो बुडबुडा," सरजाबाई म्हणाली. "गालगुंड झाल्यासारखं दिसतंय."

"माय, तू शेंगा फोड."

धम्मप्रिया वयानं पंचेचाळिशीची. लातूरला एका खाजगी लॅबमधे रक्त तपासायचं काम करते, आज वीसेक वर्षं झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं की ती विचारते, "तुमी कामून केलं?" समोरचा विचारात पडतो, तेवढ्यात ती पुढच्याच्या दंडाला रबर बांधून मोकळी होते. डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून बसायची तिला इतकी सवय की बाहेर आल्यावरही माणसाकडे एक डोळा बारीक करून बघते. नव्या मुलींना वाटतं, बाई आपल्यावर संशय घेतेय. बऱ्याचदा घेतच असते.

छापील चित्रांचा नाद तिला लागला तो एका फजितीतून. गंजगोलाईजवळ रामलिंगचं फ्रेमचं दुकान आहे. लॅबचं प्रमाणपत्र चौकटीत बसवायला ती गेली होती. भिंतीला टेकून एक लक्ष्मी उभी होती. जाड चकचकीत वार्निश, कडा चहात बुडवल्यासारख्या, अंगभर बारीक भेगा. रामलिंगनं आवाज खाली आणला. "म्याडम, ही निजामाच्या काळातली. दगडावरून छापलेली. आता कुठं मिळत न्हाई." धम्मप्रियाला त्या लक्ष्मीचा हात आवडला. कमळ असं धरलं होतं, जसं कुणी परीक्षानळी धरावी. पगारातला मोठा घास देऊन तिनं ती उचलली आणि कौतुकानं लॅबमधे नेली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर कोपरा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. डोळा लावला. लक्ष्मीचा गाल नाहीसा झाला होता. तिथं नुसते ठिपके. निळे, लाल, पिवळे, काळे, एकमेकांभोवती फेर धरून बसलेले, एकसारख्या अंतरावर, ओळीत, दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे.

शेजारच्या टेबलावरची तनुजा डोकावली. "ताई, हिला गोवर आलाय."

तो गोवर म्हणजे ऑफसेट. औषधाच्या दुकानात फुकट मिळतं ते कॅलेंडर जसं छापतात, तसं. वार्निश काल-परवाचं होतं आणि चहा खराच चहा होता.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी काखेत मारून ती दुकानात हजर. "रामलिंगभाऊ, तुमच्या निजामानं कॅलेंडर छापलं व्हतं का?"

"मला काय म्हाईत म्याडम. मी काच विकतो. मला ज्यानं दिली त्यानं सांगितलं, मी तुमाला सांगितलं."

"परत घ्या."

"लक्ष्मी परत घेत न्हाईत. अपशकुन असतो."

"मी बौद्ध हाय. मला अपशकुन होत न्हाई. तुमचं बघा."

रामलिंगला हसू आलं. पैसे त्यानं दिले नाहीत, पण भरपाई दिली, आणि ती पैशाहून मोठी निघाली. फ्रेमवाल्यांची एक रीत असते. माणूस जुनी तसबीर घेऊन येतो, म्हणतो, ह्यातला देव फिका झाला, नवा बसवा. फ्रेमवाला नवं चित्र बसवतो आणि जुनं मागं पुठ्ठ्याला आधार म्हणून तसंच राहू देतो. देव टाकायचा कसा, आणि पुठ्ठ्याचे पैसे कशाला घालवायचे, दोन्ही प्रश्न सुटतात. म्हणजे लातुरातल्या कितीतरी भिंतींवर नव्या साईबाबाच्या पाठीला आजोबांच्या वेळची सरस्वती चिकटून बसलेली आहे. रामलिंग म्हणाला, दुरुस्तीला येणारी प्रत्येक जुनी चौकट उघडताना तुम्हाला बोलावीन. मागचं गिऱ्हाईकाला नको असेल तर तुमचं. मी नवा पुठ्ठा घालीन.

शनिवारी अर्धी सुट्टी. धम्मप्रिया दुकानाच्या मागच्या फळीवर बसायची आणि खिळे उपसायची. तिथं ती शिकली. शिकवायला कुणी नव्हतं. मोबाईलवरचे व्हिडिओ, चुका, आणि दागिना बघायचं सोनाराचं भिंग, एवढाच इलाज. खरा दगडी छाप पहिल्यांदा भिंगाखाली आला तेव्हा तिला रांगोळी दिसली नाही. भगर सांडल्यासारखे कण दिसले, कुठं दाट, कुठं विरळ, कशाचाच कशाशी मेळ नाही. त्यात गुलाबी रंग सरळ गुलाबीच असतो, लाल-पांढऱ्याची फसवाफसवी नसते. पडद्यातून दाबून छापलेल्या चित्राची शाई नखपॉलिशसारखी जाड बसते, बोटाला लागते. ठशानं छापलेलं असेल तर रेषेच्या कडेला शाई दबून काठ येतो, भाकरीच्या पापुद्र्याला येतो तसा. आणि काहीही असलं तरी आधी उलटं करायचं. चित्र पुढून तयारीनं बसलेलं असतं, पाठीमागून बेसावध.

चुका तर विचारू नका. एकदा जळकोटकडच्या एका चौकटीतून कृष्ण निघाला. नुसती रेघ छापलेली, रंग हातानं भरलेला. मागचा पुठ्ठा सुटेना म्हणून तिनं तो पाण्यात बुडवला. छापलेलं पाण्यात जात नाही, हे ती शिकली होती. हातानं भरलेलं जातं, हे तेव्हा शिकली. पाच मिनिटांत परात निळी झाली आणि कृष्ण कागदासारखा पांढरा. तो पांढरा कृष्ण तिनं फेकला नाही. स्वयंपाकघराच्या दारावर लावला, येता-जाता लाज वाटावी म्हणून.

माय बिलोलीहून चार दिवस राहायला आली की घरभर फिरायची. पलंगाखाली, कपाटावर, पुठ्ठ्यांच्या मधे, देवच देव.

"तुझ्या आज्यानं घरातले देव बाहेर काढले," सरजाबाई म्हणायची. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या. अन् नात आता लक्ष्म्या-सरस्वत्या ओढून आणून राहिली घरात. वस्तीत कळलं तर काय म्हणतील?"

"मी हात जोडत न्हाई माय. भिंग लावते."

"भिंग लावून काय बघती?"

"कसं छापलं ते."

"छापणाराला इचार की मग."

"मेले छापणारे."

"मग सोड त्यांना."

ती काही सोडत नव्हती. वस्तीतल्या एकानं एकदा फोन करून जाब विचारला, तेव्हा तिनं सांगितलं, "देव तुमच्या डोक्यात असतील भाऊ, माझ्याकडं शाई हाय." वरच्या मजल्यावरच्या देशमुखीणबाई म्हणाल्या, आमचे देव तुम्ही असे पलंगाखाली ठेवता, बरं दिसत नाही. त्यांना ती म्हणाली, "तुमी टाकले, मी उचलले. आता पलंगावर झोपवू का?" दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि दोन्हीकडं उत्तरं दिली. शाई कुणाच्या बापाची नसते, हे तिचं ठाम मत होतं.

आणि एवढं सगळं करून, परक्या घरांतल्या देवांच्या पाठी तपासून, स्वतःच्या मायच्या भिंतीवरची तसबीर तिनं कधी उतरवून पाहिली नव्हती. लहानपणापासून समोर होती. असेल कुठलंतरी कॅलेंडर कापून लावलेलं, असं मनात धरून ती मोकळी झाली होती. 'आज्याची तसबीर' असं घरात म्हणायचे, म्हणजे आज्यानं आणली असेल, एवढाच तिचा हिशेब.

"मूळ नको लॅमिनेट करू तर नको," आनंदराज आता तडजोडीवर आला होता. "पण फ्लेक्सवरचं नाक तर करू दे. पुण्याहून भंते येणार, बाहेरचे पाव्हणे येणार. मंडपात दहा फुटी फोटो लागणार ताई. दहा फुटी फोटोत हे नाक केवढं दिसल, कल्पना कर."

"नाकाएवढं."

"अन् ती रेघ? खांद्यावरची घडी? ती तर काढू की न्हाई?"

"बघू दे मला आधी."

तिनं पिशवीतून भिंग काढलं. काचेचे तुकडे एकेक करून वेचले, चौकटीचे खिळे मागं वाकवले, आणि श्वास रोखून कागद मोकळा केला. कागद पातळ होता, मलमलीसारखा. ती खांद्यावरच्या पांढऱ्या रेघेवर ओणवी झाली.

भिंग तिनं रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. नुसता शेंगा फुटल्याचा आवाज.

"ही घडी न्हाई," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"घडी असती तर कागद मोडला असता. कागद सरळ हाय. शाईच न्हाई इथं." भिंग सरकवत सरकवत ती चेहऱ्यावर आली. ठिपका नव्हता. कण नव्हते. रेषांच्या कडेला काळा काठ होता, आणि अंगावरच्या काळ्या चीवराच्या आत बारीक, समांतर, वाहत गेलेल्या पांढऱ्या धाग्यांसारख्या रेषा, ज्या कुणी काढलेल्या नव्हत्या. "आनंद, हे लाकूड हाय."

"कागद हाय ते."

"लाकडावर कोरलंय. फळीवर. फळी तडकली, तिथं शाई बसली न्हाई, ती ही रेघ. हे कॅलेंडर न्हाई रे." तिनं आवाज मुद्दाम कोरडा ठेवला. "ठशाचा छाप हाय. कुठल्या छापखान्यातला, बघू."

आणि तिनं कागद उलटा केला.

छापखान्याच्या यंत्रानं दाबलं असतं तर मागं सगळीकडे सारखा दाब दिसायला हवा होता. इथं तसं नव्हतं. पाठीवर गोल गोल चकाकणारे वळसे होते, एकावर एक, कपाळामागं जास्त, कोपऱ्यात कमी. कुणीतरी काहीतरी घासलं होतं. हे तिच्या माहितीत बसेना. तिनं बोटानं वळसा गिरवून पाहिला, उजेडात तिरका धरला, पुन्हा भिंग लावलं.

"हे काय हाय, मला कळून न्हाई राहिलं," ती म्हणाली. असं ती क्वचित म्हणते.

"ते मी घासलेलं," सरजाबाई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. तिची मान खालीच होती, सुपाकडे.

"वाटीच्या बुडानं. नवी नवरी व्हते मी. सासरा फळीला शाई लावायचा, वर कागद टाकायचा, अन् म्हणायचा, घास सरजा. एकदम नको, हळू. भाकरी थापती तशी गोल."

"आज्यानं कोरलं?" धम्मप्रिया बाजेवरून उठली. "आज्यानं सोता?"

"मग काय पाव्हण्यानं? सुतारकाम करत व्हता ना तो. दारं, चौकटी, वखरं. बुद्धाचा फोटो कुठं मिळत नव्हता तवा. बाजारात सगळे दुसरेच देव. ज्याच्या त्याच्या घरातून जुने देव बाहेर निघालेले, भिंतीवर नुसते खिळे. लोक म्हणले, भीमा, खिळ्याला काहीतरी लाव बाबा, भिंत बोडकी दिसून राहिली. मग ह्यानं फळी घेतली."

"कसली फळी?"

"देव्हाऱ्याची. घरातला देव्हारा मोडला व्हता ना. लाकूड चांगलं व्हतं, टाकायचं कामून, म्हणला."

आनंदराज खुर्चीत बसला. धम्मप्रिया उभीच होती.

"अन् शाई?"

"शाई कशाची? कंदिलाची काजळी अन् जवसाचं तेल. कढत कढत गूळपाकासारखं घट्ट करायचं. घरभर वास. सासू बेजार व्हायची. घराघरांत दिली त्यानं, ज्याला पाहिजे त्याला. कागद तेवढा नांदेडहून आणायचा, छापखान्यातले कातरलेले तुकडे. पुढं रंगीत फोटो आले तसं लोकांनी ही काळी काढली. कुणाची वाळवीनं खाल्ली. आपली राहिली, वर व्हती म्हणून."

"फळी कुठं हाय माय?"

"चुलीत गेली."

"चुलीत?"

"एका पावसाळ्यात सरपण सगळं वलं व्हतं. तू अशी बघू नको माझ्याकडं. तडकलेली फळी, तिचं काय लोणचं घालायचं? चहा झाला तिच्यावर. चांगला झाला व्हता."

धम्मप्रियानं डोळे मिटले आणि उघडले. मग कागद पुन्हा सुलटा केला. बसकं रुंद नाक. जाडसर ओठ. लांब कान मात्र व्यवस्थित, त्यांच्याबद्दल आज्यानं ऐकलेलं असावं.

"अन् नाक?" आनंदराजनं विचारलं. आता त्याचाही आवाज उतरला होता. "नाक कुणाचं बघून काढलं?"

"त्यानं बुद्ध कुठं बघितला व्हता? एकदा लांबून कुठंतरी, म्हणायचा. नाक काही ध्यानात राहिलं न्हाई. मग समोर जे व्हतं ते काढलं." सरजाबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "सासूबाईचं हाय ते. हुबेहूब. ती लाजायची, म्हणायची, माझं नाक कशाला लोकांच्या भिंतीवर."

क्षणभर तिघंही त्या नाकाकडे बघत राहिले. मग आनंदराज हसला, पण ते हसू फार टिकलं नाही.

"म्हंजे हेच सांगू का मी कमिटीला? बुद्धाला आमच्या आजीचं नाक हाय, म्हणून तसंच ठेवा? फजिती करती का माझी, ताई?"

"त्यात फजितीचं काय?"

"तुला काय जातं बोलायला. तू लातूरला. इथं मला राहायचंय. पलीकडच्या आळीतले आधीच म्हणतात, ह्यांच्यात धड एक मूर्ती न्हाई, मंदिर न्हाई, अन् निघाले विहार बांधायला. त्यांच्यासमोर हे लावू? लेण्यातला बुद्ध कसा असतो, जगाला म्हाईत हाय. जग हसल."

"लेण्यातल्या बुद्धाला बी कुण्या पाथरवटाच्या बायकोचं नाक असल. तवा कुणी माउस घेऊन बसलं नव्हतं, एवढंच."

"तू ना, वाद घालायलाच जन्मली."

"अन् तू दुरुस्त्या करायला. तहसीलमधे लोकांची नावं दुरुस्त करतो, तिथं कर. ह्यात एक रेघ बदललीस तर हे आज्याचं राहत न्हाई, कळतंय का? मग लाव की खुशाल कॅलेंडर."

आनंदराज उठला. पण दाराकडे न जाता तो तिच्या पिशवीकडे गेला, आणि तिनं अडवायच्या आत पिशवी उघडी केली. आत दोन जाड पुठ्ठे होते, बटरपेपरची गुंडाळी होती, दोरी होती. सगळं मापानं कापून आणलेलं.

"हे काय हाय?"

तिनं हात पुढं केला, तोवर त्यानं पुठ्ठे बाहेर काढले.

"न्यायला आली व्हतीस. आल्यापासून नाक नाक करून राहिलीस, अन् पिशवीत पुठ्ठे. नाकासाठी न्हाई आलीस तू. तुला ही तुझ्या ढिगात पाहिजे."

"जपायला पाहिजे म्हणून."

"जपशील, म्हाईत हाय. कृष्ण जपलास ना. परातीत." त्यानं पुठ्ठे बाजेवर टाकले. "मी नाक बदलून का होईना, वस्तीत तरी लावून राहिलो. तू नेशील, पुठ्ठ्यात घालशील, पलंगाखाली सारशील, अन् वर्षातून एकदा भिंग लावून बघशील. एकटी. आज्यानं पलंगाखाली ठेवायला केलं व्हतं का हे? माय, तू सांग."

"मला शेंगा फोडायच्यात," सरजाबाई म्हणाली.

हे धम्मप्रियाला लागलं. लागलं ते खरं होतं म्हणून. उदगीरपासून गाडीत तिनं मनातल्या मनात जागा ठरवली होती. कपाटाचा वरचा खण, दगडी छापांच्या शेजारी. तेव्हा तर तसबीर काय आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं. असा छाप तिच्याकडे एकही नव्हता, पुन्हा मिळणारही नव्हता, फळीवर चहा झाला होता. तिच्या हातात आजवर आलेल्या सगळ्या कागदांत हाच एक असा होता की ज्याचा छापणारा तिच्या रक्ताचा, आणि घासणारी समोर बसलेली.

तिनं खोलीभर नजर फिरवली. टीव्हीच्या वर आनंदराजचं 'आदर्श कर्मचारी' प्रशस्तिपत्र होतं. जाड सागवानी चौकट, स्वच्छ काच, माप जवळजवळ तेवढंच.

तिनं स्टूल ओढलं आणि ते खाली उतरवलं.

"ताई, ते माझं हाय."

"म्हाईत हाय."

"कलेक्टरची सही हाय त्यावर."

"सहीला काही होत न्हाई." खिळे तिनं चमच्याच्या दांड्यानं उपसले. प्रशस्तिपत्र बाहेर काढून ठेवलं. पुठ्ठ्याच्या चार बारीक पट्ट्या कापल्या आणि काचेच्या कडेला आतून लावल्या, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही, घाम धरणार नाही. छाप बटरपेपरवर ठेवला, वरच्या दोन कोपऱ्यांना भाताच्या खळीनं चिकटवलेले कागदाचे बिजागर. खळ मायनं आतून आणून दिली, न मागता. मागं एक पुठ्ठा. तरी चौकटीत जागा उरली. धम्मप्रियानं प्रशस्तिपत्र उचललं आणि रामलिंगच्या रीतीनं पाठीला आधार म्हणून घातलं.

"ते मागं घालून राहिलीस?"

"देव टाकायचा कसा."

सरजाबाई खुदकन हसली. आनंदराजला हसावं की ओरडावं कळेना.

"फ्लेक्ससाठी मोबाईलवर काढून घे," धम्मप्रिया खिळे वाकवत म्हणाली. "आता काढ, काच पुसलीय. हाय तसा मोठा कर. नाक तसंच, रेघ बी तशीच. स्टुडिओवाल्यानं एक ठिपका हलवला तर मी मंडपात येऊन सांगीन, कुणाचं काय बदललं ते. माईकवर."

त्यानं फोटो काढला. का काढला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तिचा आवाज तसा होता.

"अन् मूळ कुठं?"

"विहारात. तू म्हणालास ना, पलंगाखाली न्हाई. बरोबर हाय तुझं." ते म्हणतानाही तिचे हात थांबले नाहीत. पिशवीतले उरलेले कागद तिनं पिशवीतच राहू दिले. "उन्हाची भिंत नको. खिडकीच्या बाजूची, आतली. मी बघते."

"आज? अजून फरशी पुसायची हाय तिथं. कमिटीला विचारलं न्हाई."

"हातोडी कुठं हाय माय?"

"दारामागं."

"ताई, ऐक. एक मिनिट ऐक." आनंदराज दाराशी आडवा आला, मग स्वतःच बाजूला झाला. "मी न्हाई बदलत नाक. जा. पण एक सांग. परवा ते सगळे बसतील समोर, वर दहा फुटी फोटो. कुणीतरी हसल. हसणारच. तवा मी स्टेजवर बसलेला असन. मी काय सांगू त्यांना?"

धम्मप्रियानं पदर खोचला. चौकट छातीशी धरली, चेहरा बाहेरच्या बाजूला. खिळा तोंडात, दातांत धरलेला.

"ताई. हसले तर काय करायचं, ते तर सांग."

चपला घालून ती उंबऱ्याबाहेर पडली होती. हातातली हातोडी चालण्याबरोबर मागं-पुढं होत होती, आणि आळीतली दोन-चार माणसं दारात येऊन आजीच्या नाकाकडे बघू लागली होती.